आप्पांचा कॉम्प्युटर सुरू न झाल्याबाबत

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आप्पांचा कॉम्प्युटर सुरू झाला.

हे वाक्य सोडून द्या. तो सुरू झालाच नाही. झूटरमेरच्या त्या घरात त्या वेळी हजर असलेली तीन माणसं आणि सांगलीहून फोनच्या पडद्यात डोकावणारी चौथी, अशा सगळ्यांचं यावर एकमत आहे. एवढं एकमत त्या घराण्यात याआधी एकदाच झालं होतं, आप्पांना नेदरलँड्सला पाठवायचं ठरलं तेव्हा.

आप्पा म्हणजे मोरेश्वरराव, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त. मुलगा अभिराम आणि सून ऋता यांच्याकडे ते फेब्रुवारी २०२०च्या अखेरीला तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये जगाने दार लावून घेतलं. उन्हाळ्यात विमानं पुन्हा उडायला लागली, पण तोवर आप्पांनी व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज केलेला होता, आणि प्रकरण प्रलंबित असताना मुख्यालय सोडता येत नाही. अर्जाचं उत्तर खरं तर कधीच आलं होतं. पण ते डच भाषेत होतं, म्हणून आप्पांनी त्यावर ‘भाषांतराची प्रत मिळाल्यावर विचार करू’ असा शेरा मारून ते फाईलला लावलं.

एवढ्या मोकळ्या वेळाचं करायचं काय, तर आप्पा टाइप करायचे. अभिराम डेल्फ्टला शिकत असताना, २००९ साली, त्याने घेतलेला एक जुना डेस्कटॉप होता, फ्रीजसारखा घरघरणारा. आप्पांनी त्याच्या कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या कागदी चिठ्ठ्या सेलोटेपने चिकटवल्या आणि ते कामाला लागले. १९७१ साली ते मराठी टंकलेखनाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते आणि तो फटका अजून चालूच होता. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा डाव्या हाताने उजवीकडे ढकलायचा असतो. कॉम्प्युटरला गाडा नसतो, पण हे आप्पांच्या डाव्या हाताला कुणी लेखी कळवलं नव्हतं. त्यामुळे दर ओळीच्या शेवटी ते मॉनिटरला बाजूने एक टपली द्यायचे. पन्नास-साठ ओळींत मॉनिटर टेबलाच्या उजव्या कडेला जाऊन पोचायचा. मग आप्पा उठून त्याला पुन्हा डावीकडे आणायचे, आणि त्यालाच चहाची वेळ म्हणायचे.

ते लिहायचे ती टिपणी. ‘आज रोजी सूनबाईंनी पोहे दिले. पोह्यांत शेंगदाणे नव्हते. दि. १२च्या पोह्यांचा संदर्भ पाहावा.’ अशी सहा महिन्यांची टिपणी.

आता ऋताचं. तिला डच भाषेची परीक्षा द्यायची होती. ती आधीच दोनदा पुढे ढकलली गेली होती आणि बोलण्याचा सराव मोठ्याने करावा लागायचा. अभिराम वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये असे मोठे हेडफोन लावून काम करायचा की जगबुडी झाली तरी त्याला ती म्यूटवर झाली असती. खाली दिवाणखान्यात उरायचे दोघं. खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा आणि सोफ्यावर ऋता. ती म्हणायची, मी रोज सायकलने बाजारात जाते. आप्पा म्हणायचे, खाड खाड खाड टपली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ती आप्पांना म्हणाली, “आप्पा, अभिराम म्हणतोय, तुम्ही प्लीज वर माळ्यावर बसाल का? त्याच्या मीटिंगमध्ये आवाज जातो.”

अभिराम असं काही म्हणाला नव्हता. पण सासऱ्याला सुनेने सांगितलं तर वाईट दिसतं, मुलाने सांगितलं तर घरातल्या घरात राहतं. या न्यायाने महाराष्ट्रातल्या नवऱ्यांच्या नावावर किती न बोललेली वाक्यं जमा आहेत, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. आप्पा म्हणाले, “ठीक आहे. लेखी आदेशाची गरज नाही.” आणि त्यांनी एकेक करून सगळं सामान स्वतः वर नेलं. डच घरातला माळ्याचा जिना म्हणजे शिडीला दिलेली बढती असते. खुर्ची मात्र त्यांनी नेली नाही. ती खिडकीपाशीच राहिली. वर ते आपल्या प्रवासाच्या बॅगेवर बसून टाइप करायचे.

त्या दिवसापासून ते अभिरामशी फारसं बोलेनासे झाले. जेवायला खाली यायचे, मान खाली घालून जेवायचे, वर जायचे. अभिरामला कळेना आपलं काय चुकलं. ऑक्टोबरात आप्पांना ताप आला, मग दम लागला, मग अँब्युलन्स आली. हे दोघंही पॉझिटिव्ह, म्हणून घरातच बंद. हॉस्पिटलमधून आप्पांनी एकच फोन केला. “माझी टिपणी वाच,” ते अभिरामला म्हणाले. “वाचल्याशिवाय काही ठरवू नकोस.” काय ठरवायचं, ते विचारायच्या आत नर्सने फोन घेतला. पुढचा फोन डॉक्टरांचा होता.

दहाव्या दिवशी मागच्या अंगणात, सायकलींच्या शेडसमोर, पाटावर पिंड मांडला. कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवला तर गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही. नाही शिवला तर एकेकाने पुढे होऊन, राहिलेली इच्छा ओळखून, वचन द्यायचं. पण कुणी तोंड उघडायच्या आत कुठूनसा एक सीगल आला आणि पिंड, त्यावरचे तीळ आणि दर्भ असं सगळं एका घासात गिळून समुद्राच्या दिशेने निघून गेला. हे फोनवर बघत असलेल्या कुमुदिनी आत्यांनी, म्हणजे आप्पांच्या धाकट्या बहिणीने, तिथल्या तिथे निकाल दिला की सीगल धरत नाहीत. वचन कुणी दिलं नाही ते नाहीच.

त्यानंतर अभिराम एकच प्रश्न विचारायचा, भांडी लावताना, दात घासताना. “आप्पांनी माझ्याशी बोलणं का सोडलं असेल गं?”

ऋता म्हणायची, “आजारी माणसं करतात तसं.”

“तेव्हा आजारी नव्हते ते.”

यावर ऋता नळ मोठा सोडायची.

डिसेंबरात ती परीक्षा पास झाली. तेव्हापासून वरून आवाज यायला लागले असं म्हणणं बरोबर होणार नाही, कारण असे आवाज येत नसतात. ती सोफ्यावर बसली की छतातून खाड खाड यायचं, अगदी बारीक, आणि मग ओळ संपल्याची टिंग. टाइपरायटरला ओळ संपताना वाजणारी घंटा असते. कॉम्प्युटरला नसते. कपडे वाळत घालायला माळ्यावर गेली की ती बंद मॉनिटरकडे न बघता बघायची. पहिल्या आठवड्यात तो टेबलाच्या उजव्या कडेपासून हातभर आत होता. नंतर वीतभर. मग तिने पेन्सिलने खूण केली. पुढच्या वेळी खूण मॉनिटरच्या डावीकडे होती आणि कडेला चार बोटं उरली होती. यावर तिने उपाय म्हणून कपडे खालीच वाळत घालायला सुरुवात केली.

जानेवारीच्या शेवटी अभिरामने एकदाचा धीर केला. म्हणाला, टिपणी वाचायची. ऋता त्याच्या मागोमाग वर गेली, कारण त्या टिपणीत तिचं ते ‘अभिराम म्हणतोय’ तारखेसकट असणार, आणि तारखेसकट असलं की ते खोटं आहे हे अभिरामइतकं चांगलं कुणालाच कळणार नव्हतं. बाप मुलाच्या नावाने मन दुखावून घेऊन मेला, आणि ते नाव बायकोने वापरलं. हे एकदा वाचल्यावर तो आपल्याबरोबर या घरात कसा राहील, ते तिला दिसत नव्हतं.

अभिरामने बटण दाबलं. पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

अभिराम तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. “हे आप्पांनीच लिहिलंय,” तो म्हणाला. ऋताला हसू आलं नाही, कारण तिलाही तसंच वाटलं होतं.

त्यांनी श्रीधरला व्हिडिओ कॉल लावला. श्रीधर डेल्फ्टला नदीच्या गाळावर संशोधन करतो. पण एका गणेशोत्सवात त्याने कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला आणि त्या दिवसापासून आसपासच्या तीन गावांतल्या मराठी घरांत काही बंद पडलं की त्यालाच फोन जातो. त्याने कीबोर्डची गोल पिन कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. आतली एक बारीक काडी वाकली होती. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत ती काडी घालून हळूच सरळ करा, तो म्हणाला. केली. मग पडदाच येईना. आता मेमरीची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवा आणि परत बसवा, तो म्हणाला. भारतात जन्मलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याची हीच पहिली मात्रा. अभिरामला ऑफिसचा कॉल आला म्हणून हे काम ऋताकडे आलं.

तिने पट्टी काढली. खोडरबर फिरवला. आणि पट्टी परत न बसवता केसचं झाकण लावून टाकलं. खाली जाऊन ती पट्टी तिने साबुदाण्याच्या डब्यात तळाशी पुरली आणि झाकण दोनदा दाबलं.

त्यानंतर कॉम्प्युटर फक्त ओरडायचा. बटण दाबलं की एक लांब सूर, थांबून पुन्हा एक लांब सूर. मेमरी नसली की तो असाच ओरडतो, हे ऋताला माहीत होतं आणि श्रीधरला माहीत असायला हवं होतं. पण पट्टी बसवलीये असं तिने सांगितल्यावर त्याने मदरबोर्ड गेल्याचं निदान केलं. ऋताला चार रात्री शांत झोप लागली. पाचव्या दिवशी अभिरामने तो सूर आत्यांना फोनवर ऐकवला.

आत्यांनी तो डोळे मिटून ऐकला. म्हणाल्या, “अभ्या, हे बिघडलेलं नाही. हे शिवत नाहीये.”

म्हणून मंगळवार ठरला. त्या आठवड्यात दिवसाला एकच पाहुणा घरात घ्यायची परवानगी होती. तो श्रीधर. त्याने मास्क लावला होता आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, कारण एक माणूस शास्त्राच्या बाजूने असलेला बरा. फोन कपड्यांच्या स्टँडला टेकवून आत्यांना बसवलं. मॉनिटरच्या उजवीकडे एक बोट जागा उरली होती. ते ऋताशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

अभिराम पुढे झाला. विमानं सुरळीत झाली की अस्थी सांगलीला नेऊन कृष्णेत सोडीन, असं वचन देऊन त्याने बटण दाबलं. एक लांब सूर. आत्यांनी कबूल केलं की लहानपणी दादाच्या शाईच्या दौतीत पाणी घालणारी मीच, आणि यापुढे त्याचा आळ मांजरावर घालणार नाही. एक लांब सूर. श्रीधरला विचारलं तर तो म्हणाला, माझा काय संबंध. पण सगळे त्याच्याकडे बघतच राहिल्यावर त्याने येत्या वर्षात प्रबंध पूर्ण करण्याचं वचन दिलं. यावरचा सूर आधीच्या दोन सुरांपेक्षा लांब होता, असं श्रीधरलाही वाटलं.

“आता ऋता,” आत्या म्हणाल्या.

ऋता टेबलापाशी गेली. पट्टी दोन मजले खाली, साबुदाण्यात. तिच्याशिवाय हे यंत्र सुरू होणं शक्यच नाही, देवाने सांगितलं तरी नाही, हे त्या माळ्यावर फक्त तिला माहीत होतं. माणसाला इतकी खात्री क्वचित मिळते. आणि ती मिळाली की काय होतं, ते तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने बटणावर बोट ठेवलं आणि कीबोर्डवरच्या त्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. ‘श’वरची चिठ्ठी अर्धी निघाली होती.

“आप्पा,” ती म्हणाली, “अभिराम तसं काही म्हणालाच नव्हता. आवाजाचा त्रास मला होत होता. तुम्हाला वर मी पाठवलं.”

तिने बटण दाबलं.

एक आखूड सूर आला. व्यवस्थित, ओळ संपल्यासारखा. पंखा फिरला, पडदा उजळला आणि दोन ओळी आल्या. कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. कुणीच हललं नाही. तरी एफ-वन खाली गेलं.

कोपऱ्यात तारीख उमटली, १ जानेवारी २००९. आतला सेल संपला की असे जुने कॉम्प्युटर तारीख विसरून जन्माच्या वर्षात परत जातात, असं श्रीधर हळू आवाजात म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या तारखेला आप्पा सांगलीत होते, साठीचे, धडधाकट, आणि कुणाला तरी स्मरणपत्र लिहीत होते. पडद्यावर टिपणी आपली आपण उघडली, शेवटच्या पानावर. तिघांनी ती वाचली. अभिरामने दोनदा वाचली, दुसऱ्यांदा ओठ हलवत.

वाचून झाल्यावर मॉनिटरला डावीकडून एक टपली बसली. तो बोटभर उजवीकडे सरकला आणि टेबलावरून अर्धा बाहेर आला. श्रीधर मागे झाला. अभिरामने मात्र मॉनिटर दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि टेबलाच्या डाव्या कडेला नेऊन ठेवला.

“चहाची वेळ झाली,” तो म्हणाला.

पडदा विझला. पुन्हा बटण दाबलं तेव्हा एक लांब सूर, थांबून पुन्हा एक लांब सूर. श्रीधरने केस उघडली. बराच वेळ तो आत बघत राहिला.

“वहिनी, मेमरीची पट्टी कुठाय?”

“साबुदाण्यात,” ऋता म्हणाली.

श्रीधर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. मास्क काढला, पुन्हा लावला. मग अतिशय शांतपणे त्याने सांगितलं की पट्टीशिवाय हे सुरू होऊ शकत नाही, म्हणून ते सुरू झालं नाही, आणि आपण आज इथे आलो होतो हे डेल्फ्टमध्ये कुणाला सांगू नये. आत्यांचं नेटवर्क नेमक्या वेळी गोठलं होतं. त्यांच्या पडद्यावर चार मिनिटं ऋता उघड्या तोंडाने बटणावर बोट ठेवून उभी होती. पण जे घडलं नाही त्यात आपण मागे राहायला नको, म्हणून त्यांनीही संमती दिली.

ऋता अभिरामकडे बघत होती. तो मॉनिटरची वायर गुंडाळत होता, नीट, कोपरावरून, आप्पा गुंडाळायचे तशी.

“सुरू झालाच नाही,” तो म्हणाला. “म्हणजे इथे कुणी काही बोललंही नाही.”

“अभि.”

“साबुदाणा भिजवणार होतीस ना? आधी पट्टी काढ.”

ती खाली गेली आणि तिने डबा उघडला. पाठोपाठ अभिराम आला. खिडकीजवळच्या खुर्चीवर तीन महिने पार्सलची खोकी आणि धुतलेले टॉवेल साठले होते. ते त्याने एकेक करून उचलून जमिनीवर ठेवले. मग तीन कप चहा झाला. श्रीधर तोवर गेलेला होता. तिसरा कप खिडकीत निवला आणि तो कुणी उचलला नाही.

टिपणीचं ते शेवटचं पान, जे कुणीही वाचलेलं नाही, ते असं होतं:

‘चिरंजीव म्हणतात असा निरोप सूनबाईंमार्फत प्राप्त. पाहिला. निरोपात “प्लीज” हा शब्द आढळतो. चिरंजीवांनी गेल्या अडतीस वर्षांत हा शब्द निम्नस्वाक्षरीकारास उद्देशून वापरल्याची नोंद नाही. सबब निरोप सूनबाईंचा स्वतःचा आहे. सूनबाईंची परीक्षा आहे. निरोप रास्त आहे. मंजूर. चिरंजीवांस कळवू नये, ते सूनबाईंस बोलतील. समोर बसल्यास आपल्या तोंडून निघून जाण्याचा संभव असल्याने चिरंजीवांशी तूर्त कमी बोलावे. हे कठीण जात आहे. निम्नस्वाक्षरीकार रागावले आहेत असे चिरंजीवांनी ठरवू नये.

‘विनंती की, सूनबाई परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळताच निम्नस्वाक्षरीकारास माळ्यावरून कार्यमुक्त करून दिवाणखान्यातील खिडकीजवळच्या खुर्चीवर पूर्ववत रुजू होण्याची परवानगी मिळावी. चहाची वेळ पूर्वीचीच ठेवावी. मंजुरीची प्रत निम्नस्वाक्षरीकारास समक्ष देऊन पोच घ्यावी, ही विनंती.’